‘कांद्याने रडवले’ म्हणणारा नेमका कोण? समाजमाध्यमांतून लोकमत आणि ग्राहकांचे वागणे वाचण्याची पद्धत

‘कांद्याने रडवले’ हे दोन शब्द लासलगावच्या लिलावात क्विंटलमागे भाव कोसळला की शेतकरी लिहितो आणि ठाण्याच्या मंडईत किलोमागे दर चढला की घरखर्च सांभाळणारी गृहिणीही तेच लिहिते. भावना ओळखणारे एखादे तयार सॉफ्टवेअर दोन्ही वाक्यांवर ‘नकारात्मक’ अशी खूण करते, दोन्हींची बेरीज करते आणि ‘कांद्यावरून बहुसंख्य लोक नाराज’ असा आलेख काढून देते. तो आलेख खोटा नसतो, पण त्याचा उपयोगही नसतो, कारण त्यातल्या एका गटाला भाव वाढायला हवा असतो आणि दुसऱ्याला उतरायला हवा असतो. समाजमाध्यमांवरील मजकुरातून लोकमत समजून घेताना होणारी सर्वांत मोठी चूक हीच आहे: भावना मोजली जाते, पण बोलणारा कोण आणि तो कोणत्या बाजूला उभा आहे हे पाहिले जात नाही.

ही चूक टाळून काम कसे करावे हे पुढे क्रमाने मांडले आहे. संपूर्ण लेखात एकच उदाहरण घेतले आहे, ते म्हणजे ८ डिसेंबर २०२३ रोजी लागू झालेली आणि ४ मे २०२४ रोजी उठलेली कांदा निर्यातबंदी. विषय दूध, वीजदर किंवा एखाद्या साबणाची नवी वडी असा कोणताही असला तरी कामाचा क्रम हाच राहील.

प्रश्न आणि दिनदर्शिका

माहिती गोळा करण्याआधी प्रश्न एका वाक्यात लिहून काढावा. ‘कांद्याबद्दल लोकांना काय वाटते?’ हा प्रश्न म्हणून चालत नाही, कारण कोणते लोक, कोणत्या काळातले आणि कांद्याच्या कोणत्या बाबीविषयी हे त्यात नाही. ‘निर्यातबंदी लागू झाल्यानंतरच्या दोन आठवड्यांत मराठीत लिहिणाऱ्या उत्पादकांनी आणि ग्राहकांनी दोष कोणाला दिला, आणि भाव उतरावा असे कोणी म्हटले?’ हा प्रश्न मोजता येतो, आणि उत्तर चुकले तर ते चुकले हेही कळते.

प्रश्नाच्या शेजारी घटनांची दिनदर्शिका असावी. या उदाहरणात तिच्यात किमान एवढे टप्पे येतील: ऑगस्ट २०२३ मध्ये ४० टक्के निर्यात शुल्क लागले आणि नाशिक जिल्ह्यातील बाजार समित्यांतील लिलाव काही दिवस बंद राहिले, ऑक्टोबरच्या अखेरीस टनामागे ८०० डॉलर किमान निर्यातमूल्य ठरले, डिसेंबरमध्ये बंदी आली, मार्चमध्ये ती पुढील आदेशापर्यंत वाढली, मे महिन्यात ५५० डॉलर किमान मूल्य आणि ४० टक्के शुल्कासह ती उठली, आणि त्यानंतर अवघ्या सोळा दिवसांनी, २० मे रोजी, दिंडोरी व नाशिकमध्ये लोकसभेचे मतदान झाले. ही दिनदर्शिका हाताशी नसेल तर प्रतिक्रियांचा आलेख वर का गेला याचा अंदाज बांधत बसावे लागते, आणि हे अंदाज सहसा आपल्याला आधीपासून जे वाटत असते त्याच दिशेने जातात.

माहिती कुठून घ्यावी

पूर्वी अभ्यासकांना ट्विटरवरचा मजकूर सहज मिळत असे. २०२३ मध्ये तो मार्ग जवळजवळ पूर्णपणे सशुल्क झाला, आणि फेसबुकवरील सार्वजनिक मजकूर पाहण्याचे क्राउडटँगल हे साधन ऑगस्ट २०२४ मध्ये बंद करण्यात आले. एकट्याने किंवा छोट्या संस्थेत काम करणाऱ्यासाठी आज यूट्यूबवरील प्रतिक्रिया हा सर्वांत मोकळा आणि नियमात बसणारा मार्ग आहे. यूट्यूबच्या अधिकृत डेटा एपीआयवर (संगणकीय प्रोग्रामद्वारे माहिती मागवण्याच्या सोयीवर) नोंदणी केली की दिवसाला १०,००० एककांचा कोटा विनामूल्य मिळतो. एका व्हिडिओखालच्या प्रतिक्रियांचे एक पान मागवायला एक एकक लागते आणि एका पानात १०० पर्यंत प्रतिक्रिया येतात, त्यामुळे मध्यम आकाराच्या अभ्यासाला हा कोटा पुरून उरतो. नवे व्हिडिओ शोधण्यासाठी मात्र त्यापेक्षा कितीतरी अधिक एकके खर्च होतात, म्हणून व्हिडिओंची यादी शक्यतो हातानेच तयार करावी. प्रतिक्रिया ‘समर्पकते’च्या क्रमाने न मागवता वेळेच्या क्रमाने मागवाव्यात, कारण समर्पकतेचा क्रम लोकप्रिय प्रतिक्रिया वर आणतो आणि आपला नमुना तिथेच वाकडा होतो.

व्हिडिओंची निवड हा या कामातला सर्वांत जबाबदारीचा निर्णय आहे. कांद्याच्या बाबतीत मराठीत किमान तीन वेगळी आवारे आहेत. रोजचे बाजारभाव सांगणाऱ्या वाहिन्यांखाली शेतकरी बोलतात, मोठ्या वृत्तवाहिन्यांखाली राजकारणावर बोलणारे लोक जमतात, आणि पाककृती व घरखर्चाच्या वाहिन्यांखाली ग्राहक सापडतात. तिन्ही आवारांतून ठरवून आणि सारख्या प्रमाणात व्हिडिओ घ्यावेत व त्यांचे आकडे शेवटपर्यंत वेगळे ठेवावेत. केवळ वृत्तवाहिन्यांवरून अभ्यास केला तर ज्याच्या चाळीत (कांदा साठवायच्या शेडमध्ये) माल पडून आहे तो माणूस त्यात जवळजवळ दिसणारच नाही.

शेतकऱ्यांचे बरेचसे खरे बोलणे व्हॉट्सॲपच्या गटांत चालते, हे मान्य करूनही त्या गटांत ओळख लपवून शिरणे आणि तिथला मजकूर उतरवून घेणे योग्य नाही. ती खासगी बैठक असते. तिथले मत हवे असेल तर गटातल्या लोकांना उघडपणे विचारावे.

शब्दांचे जाळे

मराठीत एक शब्द शोधून काम भागत नाही, कारण विभक्तीचा प्रत्यय लागला की शब्दाचे रूप बदलते. ‘दूध’ शोधणाऱ्याला ‘दुधाचा’ सापडत नाही, ‘पाणी’ शोधणाऱ्याला ‘पाण्यासाठी’ सापडत नाही. ‘कांदा’ शोधला तर ‘कांद्याला’, ‘कांद्याचे’ आणि ‘कांदे’ निसटतात. यावर उपाय म्हणून ‘कांद’ एवढाच तुकडा शोधला तर सगळी रूपे येतात खरी, पण त्यांच्याबरोबर कांदिवलीची वाहतूककोंडी आणि कांदळवनाची तोडही येते. म्हणून हवी असलेली रूपे आणि वगळायचे शब्द अशा दोन याद्या बनवाव्यात, पहिल्या दोनशे निकालांवर त्या तपासाव्यात आणि मगच पुढे जावे. रोमन लिपीत मराठी लिहिणारे थोडे नाहीत, आणि त्यांच्यासाठी ‘का’ मध्ये एक ‘ए’ किंवा दोन, अशी दोन्ही रूपे (kanda आणि kaanda) यादीत हवीत. तिथे सुंदरकांड आणि टोकियोतला त्याच नावाचा भाग, दोन्ही जाळ्यात अडकतात.

लिपीची एक अडचण मराठीत काम करणाऱ्या प्रत्येकाने जवळून पाहावी अशी आहे. ‘शेतकऱ्यांना’ हा शब्द लोक तीन प्रकारे टंकित करतात. काही जण ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर वापरतात, काही जण साध्या ‘र’ला हलन्त देऊन मध्ये एक न दिसणारे जोडचिन्ह टाकतात, आणि काहींच्या फोनवर तो ‘शेतकर्यांना’ असा रफार होऊन उमटतो. पहिले दोन प्रकार डोळ्यांना एकसारखे दिसतात, पण संगणकासाठी ते वेगळे शब्द असतात, आणि युनिकोडचे (संगणकावर अक्षरे साठवण्याच्या प्रमाण पद्धतीचे) नेहमीचे प्रमाणीकरण त्यांना एक करत नाही. ‘ॲ’चेही असेच आहे: एका अक्षरात लिहिलेला ‘ॲ’ आणि ‘अ’वर चंद्र देऊन केलेला ‘अॅ’ जुळत नाहीत. हे बदल आपल्याला स्वतः लिहून करून घ्यावे लागतात. शेतकऱ्यांविषयीच्या अभ्यासात ‘शेतकरी’ या शब्दाचीच काही रूपे गळाली, तर पुढच्या कोणत्याही गणिताने ते नुकसान भरून निघणार नाही.

यानंतरची साफसफाई सरळ आहे. तंतोतंत सारखा मजकूर अनेक खात्यांवरून आला असेल तर तो वेगळ्या तक्त्यात काढून ठेवावा, पण पुसू नये, कारण संघटित प्रचार हा स्वतःच एक निष्कर्ष असू शकतो. आपोआप भाषा ओळखणारी साधने लिपी एकच असल्यामुळे छोट्या मराठी प्रतिक्रियांना हिंदी ठरवतात, आणि बागलाण-खानदेशातली अहिराणी तर त्यांच्या खिजगणतीतही नसते. कांद्याच्या पट्ट्यातल्या अभ्यासात या बोलीचा मजकूर ‘अज्ञात भाषा’ म्हणून फेकला जाऊ नये यासाठी वगळलेल्या प्रतिक्रियांपैकी शंभर तरी स्वतः वाचाव्यात.

बोलणारा कोण

आता मुख्य भागाकडे येऊ. प्रतिक्रिया लिहिणाऱ्याचे खाते उघडून त्याचे गाव, आडनाव किंवा छायाचित्र पाहण्याची गरज नाही, आणि तसे करूही नये. बोलणारा कोण हे बहुतेक वेळा त्याच्या शब्दांतच असते. खालील वाक्ये उदाहरणादाखल मीच रचलेली आहेत.

‘काल १८०० ने गेला, आज ११०० वर आला’ हे वाक्य पाहा. त्यात एकक नाही, पण आकडा क्विंटलचा आहे आणि ‘गेला’ हे क्रियापद माल विकणाऱ्याचे आहे. ‘६० ला आणला, अर्धा सडका निघाला’ या वाक्यात आकडा किलोचा आहे आणि ‘आणला’ म्हणणारा पिशवी घेऊन मंडईत गेलेला आहे. गोल्टी (बारीक कांदा), आवक, लिलाव, उन्हाळी, रांगडा (उशिरा खरिपाचा कांदा), चाळ हे शब्द उत्पादकाकडे बोट दाखवतात. कंटेनर, बंदर, माल अडकला हे व्यापाऱ्याकडे. पाव किलो, भाजीवाला, भजी, मिसळ हे ग्राहकाकडे. अपवाद असतातच. किरकोळ भाव शंभरी गाठतो तेव्हा तीन अंकी आकडा ग्राहकाचाही असू शकतो, आणि मुंबईकराच्या वाक्यात ‘चाळ’ म्हणजे राहते घर असते. म्हणून एका शब्दावर निर्णय न देता किमान दोन खुणा जुळाव्यात असा नियम ठेवावा, आणि न जुळल्यास ‘सांगता येत नाही’ या रकान्यात नोंद करावी. हा रकाना मोठा झाला तरी तो तसाच अहवालात द्यावा.

बोलणाऱ्यानंतर दिशा ठरवावी: भाव वाढावा, भाव उतरावा, की बोलणे भावाविषयी नाहीच. तिसऱ्या रकान्यात दोष कोणावर ठेवला आहे हे लिहावे: केंद्र सरकार, राज्य सरकार, व्यापारी, हवामान, किंवा कोणावरच नाही. ‘वा, छान निर्णय! आता शेतकऱ्याने चाळीतच झोपायचे’ ही प्रतिक्रिया घेतली तर तयार सॉफ्टवेअर ‘वा’ आणि ‘छान’ पाहून ती सकारात्मक ठरवील. आपल्या तक्त्यात मात्र बोलणारा उत्पादकाच्या बाजूचा, दिशा भाव वाढावा अशी आणि दोष निर्णय घेणाऱ्या सरकारवर, अशी नोंद होईल. उपरोध ओळखणारे सूत्र शोधत बसण्यापेक्षा असे तीन साधे प्रश्न विचारले की उपरोध आपोआप जागेवर बसतो, असा माझा अनुभव आहे.

या खुणा किमान दोन माणसांनी एकमेकांशी न बोलता कराव्यात, आणि त्यातल्या एकाला तरी शेतीव्यवहाराची भाषा माहीत असावी. समजा, २०० प्रतिक्रियांपैकी १६० वर दोघांचे एकमत झाले. हे ८० टक्के ऐकायला चांगले वाटते, पण त्यातले काही एकमत निव्वळ योगायोगाने होत असते. दिशेच्या तीन प्रकारांवर दोघांनीही ५०, ३० आणि २० टक्के अशा खुणा केल्या असतील, तर योगायोगाचे एकमत ०.२५, ०.०९ आणि ०.०४ मिळून ०.३८ होते. प्रत्यक्ष ०.८० मधून हे ०.३८ वजा करून उरलेल्या ०.४२ ला ०.६२ ने भागले की सुमारे ०.६८ येते. योगायोग वगळून एकमत मोजणारा हाच आकडा ‘कोहेनचा कॅपा’ (kappa) म्हणून ओळखला जातो. तो ०.६ च्या खाली असेल तर खुणा करणाऱ्यांना दोष न देता नियम पुन्हा लिहावेत. मतभेद झालेल्या ४० प्रतिक्रिया दोघांनी समोरासमोर बसून वाचाव्यात. विषयाची खरी समज याच बैठकीत येते, आणि नेमकी हीच बैठक वेळ वाचवण्यासाठी टाळली जाते याचे मला वाईट वाटते.

यंत्राची मदत

हाताने हजारभर खुणा झाल्यावर उरलेल्या मजकुरासाठी यंत्राची मदत घ्यावी. मराठीसाठी पुण्यातील एल३क्यूब या गटाने महाबर्ट हे प्रतिमान (मजकुरावरून भाषा शिकलेले संगणकीय ‘मॉडेल’) आणि सुमारे १६ हजार ट्विटांचा महासेंट हा भावनाविषयक संच खुला केलेला आहे, आणि सुरुवात त्यावरून करता येते. मात्र ट्विटांवर शिकलेले प्रतिमान बाजारभावाच्या व्हिडिओखालची भाषा आपोआप समजेल असे गृहीत धरू नये. आपल्या खुणांवर त्याला पुन्हा शिकवावे. संवाद साधणाऱ्या मोठ्या भाषिक प्रतिमानांकडून खुणा करून घेतल्या तरी कसोटी तीच राहते. हाताने खुणा केलेल्या प्रतिक्रियांपैकी ३०० बाजूला झाकून ठेवाव्यात आणि यंत्राचे निकाल त्यांच्याशी ताडून पाहावेत. ही तपासणी प्रत्येक गटासाठी वेगळी करावी, कारण यंत्र शहरी ग्राहकांबाबत बरोबर आणि ग्रामीण बोलीबाबत चूक असेल, तर सरासरी अचूकता ती चूक झाकून टाकते.

मोजणी आणि पडताळणी

प्रतिक्रिया मोजू नयेत, खाती मोजावीत. एकाच माणसाने चाळीस वेळा लिहिले तरी तो एकच माणूस आहे. यादृच्छिक ४०० नोंदी तपासल्या तर टक्केवारीतली चूक साधारण पाच टक्के इकडे किंवा तिकडे असते, पण ही हमी फक्त आपण गोळा केलेल्या मजकुरापुरती आहे, महाराष्ट्रातील जनतेसाठी नाही. या दोहोंतला फरक विसरल्याने काय होते याचे एक नमुनेदार उदाहरण जर्मनीत घडले. २००९ च्या तिथल्या निवडणुकीत पक्षांच्या उल्लेखांचे प्रमाण त्यांच्या मतांच्या प्रमाणाशी जुळते, असे सुमारे एक लाख ट्विटांवरून एका अभ्यासगटाने २०१० मध्ये मांडले. दुसऱ्या गटाने २०१२ मध्ये दाखवून दिले की त्या यादीत पायरेट पार्टी घेतली असती तर उल्लेखांमध्ये तीच पहिली आली असती. प्रत्यक्षात त्या पक्षाला २ टक्के मते मिळाली होती. इंटरनेटवर वावरणारे तरुण त्या पक्षाचे समर्थक होते, आणि इंटरनेट म्हणजे देश नव्हता.

त्यामुळे प्रतिक्रियांचा आलेख एकटा वाचू नये. कांद्यासाठी राज्य कृषी पणन मंडळ रोजची आवक आणि घाऊक दर प्रसिद्ध करते, आणि केंद्राचा ग्राहक व्यवहार विभाग किरकोळ दर देतो. दोन्ही मालिका प्रतिक्रियांच्या आलेखाखाली त्याच तारखांवर मांडाव्यात. प्रतिक्रिया भावाबरोबर हलतात की बातमीबरोबर, हे मग डोळ्यांना दिसते. बातमीच्या दिवशी आलेख उसळतो आणि तिसऱ्या दिवशी बसतो, तेव्हा आपण लक्ष मोजलेले असते, मत मोजलेले नसते. लिलाव बंद असलेल्या दिवशी घाऊक दराची नोंदच नसते हेही लक्षात ठेवावे. ती रिकामी जागा शून्य म्हणून भरली गेली, तर भाव कोसळल्याचे खोटे चित्र तयार होते. गूगल ट्रेंड्स जोडायचे असल्यास त्यातले ० ते १०० हे आकडे शोधांची संख्या सांगत नाहीत, निवडलेल्या काळातल्या सर्वोच्च प्रमाणाच्या तुलनेतले प्रमाण सांगतात.

ग्राहकांचे वागणे शोधताना मराठीचे व्याकरण मोठी मदत करते. ‘आता कांदा खाणेच सोडून देतो’ हा राग आहे. ‘या आठवड्यात पाव किलोच आणला’, ‘हॉटेलात कांद्याऐवजी कोबी दिला’ या वाक्यांत भूतकाळी क्रियापद आहे, प्रमाण आहे, पर्याय आहे. अशी कृती सांगणारी वाक्ये वेगळी काढून मोजावीत आणि इराद्याच्या वाक्यांत मिसळू नयेत. त्यानंतर आपल्या परिसरातल्या दहा भाजीविक्रेत्यांना एकच प्रश्न विचारावा: गेल्या महिन्यात एक किलो घेणारे नेहमीचे गिऱ्हाईक आता किती घेते? दहा उत्तरांवरून आकडेवारी मांडता येत नाही, पण पडद्यावरचा निष्कर्ष मंडईत तग धरतो की नाही हे नक्की कळते.

लिहिणाऱ्यांचा मान राखणे

२०१८ मध्ये केंब्रिज ॲनालिटिका प्रकरणात फेसबुकच्या ८ कोटी ७० लाखांपर्यंत वापरकर्त्यांची माहिती त्यांच्या नकळत वापरली गेल्याचे पुढे आले. त्यांतील बहुतेकांनी कोणत्याही ॲपला स्वतः परवानगी दिलेली नव्हती. त्यांच्या मित्रांनी दिली होती. भारताचा २०२३ चा डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायदा व्यक्तीने स्वतःहून जाहीर केलेल्या माहितीला लागू होत नाही, म्हणून सार्वजनिक प्रतिक्रियांचे काहीही करावे असा अर्थ काढला जातो. तो मला मान्य नाही. व्यापाऱ्यावर चिडून रात्री दोन ओळी लिहिणाऱ्या शेतकऱ्याला उद्या त्याच बाजार समितीत माल न्यायचा असतो. त्याचे वाक्य अहवालात जसेच्या तसे छापले तर कोणीही ते शोधून त्याच्यापर्यंत पोहोचू शकतो. म्हणून खात्यांची नावे मजकूर हाती येताच सांकेतिक क्रमांकांनी बदलावीत, उदाहरणे अर्थ राखून वेगळ्या शब्दांत द्यावीत, आणि जात, धर्म किंवा पक्ष यांचा अंदाज एकेका व्यक्तीपुढे कधीही लिहू नये.

अहवालाच्या पहिल्याच पानावर तीन गोष्टी याव्यात: कोणत्या आवारातून किती खाती घेतली, कोणता गट या मजकुरात बोलतच नाही, आणि ‘सांगता येत नाही’ या रकान्यात किती नोंदी राहिल्या. ‘महाराष्ट्राला असे वाटते’ याऐवजी ‘बाजारभाव सांगणाऱ्या वाहिन्यांखाली लिहिणाऱ्या, उत्पादक म्हणून ओळखता आलेल्या खात्यांपैकी इतक्यांनी दोष सरकारवर ठेवला’ असे वाक्य लिहावे. ते लांबते, बातमीच्या मथळ्यात बसत नाही, आणि ते मागवणाऱ्या वरिष्ठांना बहुधा आवडतही नाही. तरीही ते तसेच ठेवावे. काम पूर्ण झाल्यावर खुणांचे नियम आणि मोजणीचे तक्ते जपून ठेवावेत, आणि सांकेतिक क्रमांक कोणत्या खात्याचा हे सांगणारी यादी कायमची पुसून टाकावी.